पै-पैशाची बँक

मुलांनो, तुमच्या घरी गल्ला आहे का? खाऊचे पैसे तुम्ही त्यात टाकत असाल. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ अशी मराठीत म्हण आहे. अशाच थेंबांतून एक बँक उभी राहिली. तिची ही हकिकत आहे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. कृष्णवर्णीय लोक स्वतंत्र झाले. पण त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ ना जमीन होती, ना घर, ना भांडवल. ते गोऱ्या मालकांकडे राबत. मिळालेली मजुरी गोऱ्यांच्याच दुकानांत खर्च होई. घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज हवे असले, तर गोऱ्यांच्या बँका ते सहसा देत नसत. त्यांच्यासाठी १८६५ साली ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ निघाली होती. हजारो गरिबांनी तिच्यात पैसे ठेवले. पण १८७४ साली ती बुडाली. लोकांचे पैसे गेले आणि बँकेवरचा विश्वासही गेला.

अशा काळात रिचमंड शहरात मॅगी लेना वॉकर वाढत होत्या. त्यांची आई पूर्वी गुलाम होती. पुढे ती लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. लहानगी मॅगी कपड्यांच्या टोपल्या घरोघर पोहोचवी. मोठेपणी त्या शिक्षिका झाल्या.

त्या शहरात ‘सेंट ल्यूक’ नावाची कृष्णवर्णीयांची एक संस्था होती. सभासद थोडी थोडी वर्गणी भरत. कोणी आजारी पडले किंवा वारले, तर संस्था त्या कुटुंबाला मदत करी. १८९९ साली संस्थेचा कारभार मॅगीबाईंच्या हाती आला. तेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी होती. तरी त्या डगमगल्या नाहीत. १९०१ साली त्यांनी सभेत सांगितले, की आपले वर्तमानपत्र हवे, आपले दुकान हवे आणि आपली बँकही हवी.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. पेनी म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. पहिल्याच दिवशी सुमारे २८० लोकांनी पैसे ठेवले. एकाने तर अवघे ३१ सेंट ठेवले! मुलांना बचतीसाठी पुठ्ठ्याचे छोटे गल्ले दिले गेले.

आता ही बँक काय करी ते पाहा. धोबीण, मजूर, मोलकरीण आपली बचत बँकेत ठेवत. बँक त्या पैशातून त्यांच्यातल्याच कोणाला घरासाठी कर्ज देई. कर्ज व्याजासह फिटले, की तोच पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडे. अशा रीतीने शेकडो कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली. बँकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना कारकुनाची कामे मिळाली. इतरत्र त्यांना बहुधा धुणीभांडीच करावी लागत.

सगळेच प्रयत्न सफल झाले नाहीत. १९०५ साली संस्थेने मोठे दुकान काढले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक विक्रेत्यांवर दबाव आणला, की या दुकानाला माल देऊ नका. गिऱ्हाईकही पुरेसे मिळेना. काही वर्षांतच ते बंद करावे लागले. बँक मात्र टिकली. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील हजारो बँका बुडाल्या. तेव्हा शहरातील कृष्णवर्णीयांच्या इतर बँका हिच्यात सामील झाल्या आणि ही बँक तरली. १९३४ साली मॅगीबाई वारल्या. त्यांचे राहते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.

बँकेमुळे वर्णभेद संपला नाही. त्यासाठी पुढे मोठा लढा द्यावा लागला. पण ज्याचे घर स्वतःचे आहे आणि ज्याची कमाई आपल्या माणसांच्या कामी येते, त्याला मालकाच्या मर्जीवर जगावे लागत नाही. मुलांनो, तुमच्या गल्ल्यातील नाणे लहान असेल, पण ते अनेकांच्या नाण्यांना मिळाले की किती मोठे होते, याचा विचार करा.

शब्दार्थ
भांडवल – धंद्यात घालायचा पैसा
राबणे – कष्ट करणे
डगमगणे – धीर सोडणे
घाऊक विक्रेता – मोठ्या प्रमाणात माल विकणारा
तरणे – संकटातून वाचणे

स्वाध्याय
१. लोकांचा बँकेवरचा विश्वास का उडाला होता?
२. संस्थेचे दुकान का बंद पडले?
३. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या पाठाला कशी लागू पडते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.