लेबलवरची कामिनी

'महल' (१९४९) या चित्रपटातल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' असं पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं, हे वाचून ठाऊक होतं. ते लेबल एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून दादरच्या एका संग्राहक काकांकडे गेले. लेबल पाहिलं, पण मन रमलं ते मोरीपाशी चाललेल्या कामात.

काका चोरबाजारातून आणलेल्या रेकॉर्डी धूत होते. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, रेकॉर्ड लाखेची असते. स्पिरिट लागलं की लाख विरघळते, म्हणून साधं पाणी आणि साबणाचा एखादा थेंब, एवढंच. डाव्या तळव्याखाली लेबल झाकलेलं, उजव्या हातातला मऊ ब्रश खाचांच्या गोलाईनेच फिरणारा. आडवा हात एकदाही नाही. ब्रशखालून काळं पाणी निघत होतं आणि जुन्या कागदी पाकिटांचा कुबट वास खोलीभर पसरला होता. मी "पुरे झालं ना आता?" म्हटलं तर म्हणाले, "थांबा हो, साडेतीन मिनिटं आहेत हिच्यात."

साडेतीन मिनिटं! दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तेवढंच मावे. त्यामुळे चित्रपटात असलेलं एखादं कडवं रेकॉर्डवर गळे. 'बरसात की रात'मधली कव्वाली तर बाराएक मिनिटांची. ती एका बाजूवर मावणं शक्यच नव्हतं. म्हणून चित्रपटही जपावा लागतो आणि रेकॉर्डही. 'आलम आरा'च्या (१९३१) गाण्यांच्या रेकॉर्डी निघाल्याच नाहीत, पुढे चित्रपटही हरवला. ती गाणी आता कुणालाच ऐकता येणार नाहीत.

रेकॉर्ड वाळवून, पुसून लावली. थोडी खरखर, मग व्हायोलिनांचा ताफा. काकांनी बोट वर केलं : "हे सगळे गोव्याचे." लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार. सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी वाद्यमेळ बांधला, पण लेबलवर त्यांना जागा नव्हती. कुठल्या गाण्यात कोण वाजवत होतं, हे काका जुन्या वादकांच्या आठवणींतून जमवून वहीत रेकॉर्ड क्रमांकापुढे टिपून ठेवतात. याला छंद म्हणणं मला अपुरं वाटतं. हे दप्तर राखण्याचं काम आहे. ते संस्थांनी करायला हवं होतं. इथे एक निवृत्त माणूस पेन्शनमधून करतो आहे.

तुमच्या माळ्यावर अशा रेकॉर्डी असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि भंगारात देण्याआधी एखाद्या संग्राहकाला नक्की दाखवा. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही मंडळी याच कामात आहेत.