जुना प्रोग्राम, नवा प्रिंटर

पनवेल ही पूर्वीपासूनची भाताची पेठ. आजूबाजूला टोलेजंग इमारती उठल्या, २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०२५ मध्ये शेजारी विमानतळाचे उद्‌घाटनही झाले. पण इथल्या काही पेढ्यांवर आजही काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात आणि त्यातूनच बिले निघतात. १९९० च्या दशकात कुणीतरी डॉसवर, फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेले हे प्रोग्राम. संगणक दुरुस्तीच्या निमित्ताने अशा पेढ्यांवर आणि पतसंस्थांत माझे नेहमी जाणे होते. तिथे एक प्रश्न हमखास येतो : ‘जुना प्रिंटर गेला म्हणून नवा लेझर घेतला, सगळ्या संगणकांना जोडला. बाकी सारे छापतो, आमचे बिल तेवढे छापत नाही. असे का?’

याचे उत्तर सोपे आहे. दोघांची भाषा वेगळी आहे.

डॉसच्या काळात प्रोग्राम थेट प्रिंटरशी बोलत असे. संगणकाच्या पाठीमागे २५ छिद्रांची एक खाच असे; तिचे नाव ‘एलपीटी१’. तिथून जाड केबलच्या आठ तारांमधून एकेक अक्षर जाई. अक्षरांचे साचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्याच पोटात असत. त्यामुळे ‘क्रमांक १५ पाठव’ म्हटले की अक्षर बारीक होई आणि ‘क्रमांक १२’ म्हटले की कागद पुढच्या पानावर जाई. नव्या पद्धतीत विंडोज सबंध पानाचे चित्र तयार करते आणि मग ते प्रिंटरकडे धाडते. बऱ्याच स्वस्त लेझर प्रिंटरना सुटी अक्षरे वाचताच येत नाहीत. शिवाय नवा प्रिंटर वायफायवर असतो, आणि जुना प्रोग्राम मात्र एलपीटी१ च्या दारावरच थाप मारत राहतो.

यावर उपाय आहेत. पहिला, विंडोजला सांगायचे की एलपीटी१ कडे आलेले काम अमुक संगणकावरच्या सामायिक प्रिंटरकडे वळव. ‘नेट यूज’ ही एका ओळीची आज्ञा त्यासाठी पुरते. पण प्रिंटरला साधी अक्षरे कळत असतील तरच तिचा उपयोग. कळत नसतील तर दुसरा उपाय : मध्ये एक दुभाष्या बसवायचा. असे छोटे प्रोग्राम मिळतात. ते डॉसची अक्षरे अडवून घेतात, त्यांचे पान मांडतात आणि विंडोजच्या हवाली करतात.

एवढे करूनही दोन अडचणी उरतात. डॉट मॅट्रिक्स आलेली ओळ लगेच छापतो; लेझर पान पूर्ण होण्याची वाट पाहतो. पंधरा ओळींचे बिल पाठवून ‘पान संपले’ असे सांगितले नाही, तर दिवा नुसता लुकलुकत राहतो. दुसरी अडचण कागदाची. सलग कागदाच्या १२ इंची पानावर ७२ ओळी मावतात. ए-४ त्याहून थोडा आखूड, शिवाय वर-खाली कोरी पट्टी सुटते. मग बिलाची बेरीज दुसऱ्याच पानावर जाते!

मराठी बिलांची गोष्ट आणखी निराळी. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉसवर देवनागरी आली. तिची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. त्यात देवनागरी अक्षरांना १६१ पासून पुढचे क्रमांक आहेत. नवा प्रिंटर त्याच क्रमांकांना युरोपीय अक्षरे समजतो आणि खातेदाराच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हे छापतो. सुदैवाने युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली असल्याने असा मजकूर युनिकोडमध्ये आणणे फारसे अवघड नाही.

काही जण विचारतात, मग नवा डॉट मॅट्रिक्सच घ्यावा का? बिलाच्या तीन प्रती लागत असतील तर जरूर घ्यावा. जीएसटीच्या नियमानुसार मालाचे बिल तीन प्रतींत करायचे असते, आणि कार्बनवर ठोकून एकाच वेळी तिन्ही प्रती काढणे लेझरला जमत नाही.

पण माझे खरे सांगणे पुढेच आहे. प्रिंटर बंद पडला की माणसे प्रिंटरची काळजी करतात. काळजी करायला हवी ती हिशेबाची. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्या डॉसचे १६ बिटी प्रोग्राम चालवत नाहीत. विंडोज ११ तर ६४ बिटीच आहे, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या डॉसचे सोंग आणणारे प्रोग्राम आहेत, पण त्यांच्या भरवशावर किती वर्षे काढणार? प्रोग्राम लिहून देणारा माणूसही आता सापडत नाही. पतसंस्थेच्या त्या काळ्या पडद्यामागे शेकडो घरांच्या ठेवी आणि कर्जाचे हप्ते नोंदलेले असतात.

म्हणून प्रोग्राम चालू आहे तोवर एक काम करा. कागदाऐवजी फाइलमध्ये छापा. सारी खाती, खतावण्या, वर्षअखेरचे ताळेबंद साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून घ्या. त्या कुठल्याही संगणकावर उघडतील. फॉक्सप्रोच्या मूळ ‘डीबीएफ’ फायलीही आजच्या स्प्रेडशीटमध्ये उघडता येतात. त्यांच्या दोन प्रती करून एक पेढीबाहेर ठेवा. मग पाच-दहा खाती जुन्या छापील कागदांशी ताडून पाहा. येत्या मार्चअखेरीपूर्वी एवढे उरकले, तर पुढे कोणता प्रिंटर घ्यायचा, हे निवांतपणे ठरवता येईल.