आळंदीचा आवाज घराघरांत

(द्वितीय वर्ष, कला)

'एका रात्रीत पोरगी मोठी झाली,' असे कार्तिकी गायकवाडविषयी पुष्कळदा बोलले जाते. फेब्रुवारी २००९ मध्ये झी मराठी वाहिनीवरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ही स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा ती शाळकरी वयाची होती. आळंदीच्या या मुलीचे नाव खेडोपाडी पोहोचले. ही कीर्ती आली कशी, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

स्पर्धेची रीत प्रथम पाहू. मुलांनी वाद्यवृंदासह गावे आणि अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांनी परीक्षण करावे. गुण आकड्यांत नसत, स्वरांत असत. चांगल्या गाण्याला 'ध', त्याहून सरस गाण्याला 'नी' आणि फारच रंगले तर 'वरचा सा'! शिवाय प्रेक्षक मोबाईलवरून संदेश पाठवून आपल्या आवडत्या गायकाला मत देत. म्हणजे तराजू दोन झाले. एकात सुराचे वजन होई, तर दुसऱ्यात लोकांच्या मायेचे.

कार्तिकीने ही माया कशी मिळवली? आळंदी हे ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचे गाव. तेथे १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. टाळ-मृदंगाचा नाद तिथल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतो. वारकरी गाणे उंच पट्टीत, मोकळ्या गळ्याने गायचे असते, कारण ते मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावे लागते. तसा खणखणीत आवाज कार्तिकीपाशी होता. तिचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः गायक व संगीतशिक्षक. गुरू घरातच होते! चित्रपटगीतांच्या गर्दीत तिने गवळणी आणि अभंग म्हटले, तेव्हा भजनाला बसणाऱ्या हजारो माणसांना आपलेच कोणी गात असल्यासारखे वाटले. एका रात्रीत दिसले ते फळ. झाड कितीतरी आधी लावलेले होते.

आता दुसरी गोष्ट. अंतिम फेरीत पाच जण होते : कार्तिकी, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत. विजेतेपद एकीलाच मिळाले, पण लोकांनी पाचही जणांना 'पंचरत्ने' म्हणून डोक्यावर घेतले. पुढे आर्या २०१७ च्या 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका म्हणूनही झळकली. २०२१ मध्ये याच स्पर्धेचे नवे पर्व आले, तेव्हा ही पाचही जणे परीक्षणासाठी बसली. बारा वर्षांनंतर पहिला नंबर कोणाचा होता, याला फारसे महत्त्व उरले नव्हते. ज्यांनी रियाज सोडला नाही, त्यांचे गाणे राहिले.

यातून माझ्यासारखीने काय घ्यावे? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे गोड गळ्याची पोरे कमी नाहीत. शेतात, लग्नघरात, एकादशीच्या भजनात त्यांचा आवाज ऐकावा! पण पेटीवरची काळी दोन कोणती आणि पांढरी चार कोणती, हे त्यांना सांगणारे घरात कोणी नाही. दूरदर्शन संच आता झोपडीतही आहे. त्यावर स्पर्धा दिसते, मात्र तिच्यामागचा गुरू दिसत नाही. म्हणून पुष्कळांना वाटते, एकदा मुंबईला जायला मिळाले की झाले. गळा दैवाने मिळतो, पण त्याला वळण लावायला माणूस लागतो.

आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी पेटी-तबला बाहेर निघतो आणि समारंभ आटोपला की कपाटात जातो. तो वर्षभर, आठवड्यातून एक संध्याकाळ तरी बाहेर राहावा आणि गावातल्या एखाद्या जाणत्या भजनीबुवांना शिकवायला बोलवावे, एवढीच माझी विनंती आहे. त्यातून वाहिनीवर कोणी गेले तर आनंदच आहे. न गेले तरी चार जणांना सूर कळेल, आणि उद्या त्यांच्या मुलांना गुरू शोधत दूर जावे लागणार नाही.