कॅरॅव्हॅन ओढायची तर हूक आणि वायरिंग कसे निवडाल?

बोर्डी : डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड अशी गावे घेत बोर्डीला येणाऱ्या किनारी रस्त्यावर जोडवाहन ही काही नवलाईची गोष्ट नाही. चिकूच्या वाड्यांतून क्रेट किंवा खत वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येथे रोजच्याच. अंधार पडल्यावर अशा एखाद्या ट्रॉलीमागून ज्याने गाडी चालवली आहे, त्याला मागच्या दिव्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ट्रॉलीचे दिवे बंद असतील, तर ती आहे हे कळते तेव्हा ती पुढ्यात आलेली असते.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि समुद्रकाठी चाकांवरच्या घरात मुक्काम करण्याची कल्पना अनेकांच्या मनात रुजली. आपल्याकडच्या बहुतेक कॅरॅव्हॅन स्वतःचे इंजिन असलेल्या, बस किंवा टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. मोटारीमागे जोडून ओढायच्या कॅरॅव्हॅनची गोष्ट निराळी आहे. तिचे घर कितीही देखणे असले, तरी सारा भरवसा दोनच वस्तूंवर असतो : मोटारीच्या मागे बसवलेला टो बार आणि त्याच्या शेजारचे विजेचे सॉकेट. हौशी मंडळी घरातल्या पलंगाची आणि शेगडीची चौकशी तासन्‌तास करतात. या दोन वस्तू मात्र गॅरेजवाल्यावर सोपवून मोकळी होतात.

ट्रॅक्टरचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली आडव्या जबड्यात पिन घालून जोडतात. त्या जोडात ढिलाई असते, खडखडाट असतो. पण वेग कमी असल्याने ते खपून जाते. महामार्गाच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीमागे ती ढिलाई चालत नाही. म्हणून कॅरॅव्हॅनसाठी पोलादी बॉल आणि त्यावर घट्ट बसणारी कपलिंगची वाटी वापरतात. युरोपीय पद्धतीत या बॉलचा व्यास ५० मिलिमीटर असतो. अमेरिकी बनावटीत मापे इंचांत आणि एकाहून अधिक असतात. वाटी आणि बॉल यांचे माप तंतोतंत जुळलेच पाहिजे. ‘जवळपास बसते’ हे उत्तर येथे ग्राह्य नाही.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. बाजारात एसयूव्हीच्या बंपरखाली बसवायचे चकचकीत हूक मिळतात. मागून धक्का लागला तर बंपर वाचावा, किंवा नुसते रुबाबदार दिसावे, एवढ्यासाठी ते घेतले जातात. त्यांवर कोणत्याही भाराचा शिक्का नसतो. अशा शोभेच्या हुकाला दीड टनाचे घर अडकवणे म्हणजे मागून येणाऱ्यांच्या जिवाशी खेळ होय.

खरा टो बार बंपरला नव्हे, गाडीच्या मूळ सांगाड्याला बोल्ट केलेला असतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांखाली शिडीसारखी पोलादी चौकट असते. तिला बार जोडणे तुलनेने सरळ. ज्या गाड्यांत अशी स्वतंत्र चौकट नसून पत्र्याची कायाच सांगाड्याचे काम करते, तेथे उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागा सोडून अन्यत्र छिद्रे पाडू नयेत. वेल्डिंग तर नकोच.

बार किती ताकदीचा हवा, हे त्याच्या जाडीवरून ठरत नाही. चांगल्या बारवर एक पट्टी असते आणि तिच्यावर ‘डी-मूल्य’ किलोन्यूटनमध्ये कोरलेले असते. गाडी आणि कॅरॅव्हॅन एकमेकींना जे हिसके देतात, ते पेलण्याची क्षमता या आकड्याने कळते. हिशोब सोपा आहे. दोन्ही वाहनांच्या भरलेल्या कमाल वजनांचा टनांत गुणाकार करावा, त्याला त्यांच्या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या संख्येला ९.८१ ने गुणावे. समजा, मोटारीचे कमाल वजन २५०० किलो आणि कॅरॅव्हॅनचे १३०० किलो आहे. २.५ आणि १.३ यांचा गुणाकार ३.२५, बेरीज ३.८, उत्तर येते सुमारे ८.४ किलोन्यूटन. याहून कमी आकड्याचा बार या जोडीला चालणार नाही. अर्थात बार दणकट असला म्हणून गाडीची ओढण्याची ताकद वाढत नाही. ती मर्यादा उत्पादकाने ठरवलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नसेल, तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे आणि ते मिळेपर्यंत थांबावे.

दुसरा आकडा बॉलवर पडणाऱ्या उभ्या भाराचा. बैलगाडी हाकलेल्या पिढीला तो समजावून सांगायची गरज नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. कॅरॅव्हॅनचेही तसेच आहे. तिच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार बॉलवर असावा, असा युरोपातील प्रघात आहे; म्हणजे १३०० किलोच्या कॅरॅव्हॅनसाठी ६५ ते ९१ किलो. भार यापेक्षा कमी पडला, तर वेगात कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डावीउजवीकडे झुलू लागते आणि ती झूल आवरणे भल्याभल्यांना जमत नाही. जास्त झाला, तर मोटारीची पुढची चाके हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बार आणि गाडी या दोन्हींची उभ्या भाराची मर्यादा वेगवेगळी असू शकते. त्यांतील लहान आकडा प्रमाण मानावा. पाण्याच्या टाक्या आणि जड सामान कॅरॅव्हॅनच्या चाकांच्या वर, मध्यभागी ठेवावे. गाडी भरलेली असताना बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंच असावा, असे युरोपीय मानक सांगते.

कायद्याची बाजूही आधीच पाहून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे. त्यामुळे ओढायच्या कॅरॅव्हॅनला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो. कलम ६१ नुसार ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते. याच कलमावर बोट ठेवून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बुल बारवर कारवाईचे निर्देश दिले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी दंडाची तरतूद प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये अशी आहे. तेव्हा बार बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा केलेली बरी.

आता विजेकडे वळू. खरी फसगत येथेच होते. युरोपीय पद्धतीच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये प्रत्येक पिनेचे काम ठरलेले आहे : पहिली पिवळ्या तारेची, डाव्या इंडिकेटरची, दुसरी निळी, मागच्या फॉगलाइटची, तिसरी पांढरी, अर्थची, चौथी हिरवी, उजव्या इंडिकेटरची, पाचवी तपकिरी, उजव्या टेललाइटची, सहावी तांबडी, ब्रेकलाइटची, सातवी काळी, डाव्या टेललाइटची. तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये यांखेरीज रिव्हर्सचा दिवा, घरातली बॅटरी आणि फ्रीज यांची सोय होते. कॅरॅव्हॅन अमेरिकी असेल, तर मात्र सारेच गणित बदलते. तेथील अनेक जोडण्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर चालतात.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन बहुधा मागच्या दिव्याची तार सोलून तिलाच नवी तार पिळतो. जुन्या गाड्यांत ते निभावत असे. पण २१ वॅटचे दोन जादा ब्रेकलाइट म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर जादा प्रवाह. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाचे नियंत्रण असते. हा जादा भार त्याला बिघाड वाटतो, प्रसंगी ते महागडे यंत्रच जळते. यावर उपाय म्हणजे उत्पादकाचा खास वायरिंग संच, नाहीतर बायपास रिले. रिले गाडीच्या तारांतून फक्त इशारा घेतो. दिव्यांना लागणारी वीज वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडून आणतो.

फ्रीज चालवायचा असेल, तर तारेची जाडी पाहावी. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत ६ मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन तार होते १२ मीटर. १० अँपिअर प्रवाहावर दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच गळतात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा व्होल्ट. अनेक नव्या गाड्यांचे अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतात. तेथे घरातली बॅटरी भरण्यासाठी डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो.

कॅरॅव्हॅनचे ब्रेक कसे आहेत, हेही वायरिंगआधी ठरले पाहिजे. ओव्हररन ब्रेक कॅरॅव्हॅनच्या रेट्याने आपोआप लागतात, त्यांना वीज लागत नाही. विजेवरच्या ब्रेकना मात्र मोटारीत वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो. जोड सुटला तर ब्रेक ओढणारी तार बारवरच्या पक्क्या कडीत अडकवावी. बॉलभोवती नुसता फास टाकला, तर तो निसटू शकतो.

बोर्डीसारख्या ठिकाणी या सगळ्याला खाऱ्या हवेची जोड मिळते. दोन-चार मुक्काम किनाऱ्यावर झाले की पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि पहिली बिघडते ती तिसरी पिन, अर्थची. मग उजवा इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलतेच दिवे पेटतात. बल्ब बदलून काही होत नाही. पांढरी तार आणि तिचा जोड घासून स्वच्छ करावा लागतो. सॉकेटचे झाकण घट्ट बसणारे घ्यावे, जोडण्या पिळून न करता दाबून बसवलेल्या, उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद केलेल्या असाव्यात. वाळूतून बाहेर आल्यावर बार गोड्या पाण्याने धुवावा. मग एकाने स्टिअरिंगवर बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे आणि टेललाइट लावलेले ठेवून डावा, उजवा, ब्रेक असे एकेक करून पाहावे. दिवे एकेकटे नीट पेटतात आणि एकत्र लावले की गोंधळतात, असे दिसले तर अर्थ दुरुस्त झाल्याशिवाय निघू नये.