खऱ्या मारामारीत कुंग फू चालतं का?

जयपूरच्या दुर्गापुरा स्टेशनवर रात्रीच्या गाडीनं एकटं उतरायचं असतं, म्हणून कुंग फूचा क्लास लावू का? इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तर: लावा, पण आधी तिथं काय शिकवतात ते बघून या.

एप्रिल 2017 मध्ये चेंगडूत शू श्याओडाँग या एमएमए (मिश्र युद्धकला) लढवय्यानं वेई लेई या ताई ची (कुंग फूचाच एक प्रकार) 'मास्टर'ला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं. चीनभर गदारोळ झाला. पण 2019 मध्ये यूएफसी या एमएमए स्पर्धेची पहिली चिनी विजेती ठरलेली झांग वेईली सांडा शिकलेली, आणि सांडाही चिनी कुंग फूतलाच! सांडात समोरचा खरोखर ठोसे मारतो, उचलून आपटतो. नुसते फॉर्म (ठरलेल्या हालचाली) घोटून शरीर लवचिक होतं, हे खरं. पण अंगावर येणाऱ्या माणसाची सवय होत नाही. क्लासमध्ये स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) नसेल तर तो व्यायाम समजा. व्यायामही वाईट नाही म्हणा.

क्लास लावा न लावा, एवढं लक्षात ठेवा: कुणी मनगट धरलं तर मागे ओढू नका. त्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात, त्या फटीकडे मनगट वळवून झटका द्या. पकड तिथंच कच्ची असते. सुटलात की पळा, ओरडा, 112 लावा. चाकू दिसला तर मोबाइल खुशाल देऊन टाका.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 मध्ये आहे, पण कलम 37 नुसार गरजेपुरताच. हल्लेखोर पडल्यावर वर आणखी चार लाथा घातल्या, तर पोलीस तुम्हालाही प्रश्न विचारणार.