कठीण, पण अन्यायी नव्हे

मुले संगणकावर खेळू लागली की घरोघरी एकच तक्रार, वेळ वाया गेला. वाचकहो, सगळाच जातो असे नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहराच्या टीम चेरी या चिमुकल्या मंडळीने २०१७ साली काढलेला 'हॉलो नाइट' हा खेळ शिक्षकाने पाहण्याजोगा आहे.

खेळाडू म्हणजे इवलासा कीटक-शिपाई. आरंभी पाच मुखवटे, म्हणजे पाच प्राण. पहिला मोठा शत्रू 'फॉल्स नाइट', चिलखतातला धिप्पाड. गदा आपटण्यापूर्वी तो ती उचलतो. तेवढ्यात बाजूला व्हायचे. पुष्कळ घाव बसले की तो कोसळतो आणि चिलखतातून अळीचे मऊ डोके बाहेर येते. तुम्ही मेलात तर जमवलेली नाणी तिथेच तुमच्या छायेपाशी राहतात. परत जाऊन छायेला हरवले तर मिळतात. वाटेत पुन्हा मेलात, तर गेली! जखम भरायला लागणारे बळ शत्रूला मारूनच मिळते, म्हणून नुसते लांब पळून भागत नाही.

४ सप्टेंबर २०२५ रोजी पुढचा खेळ 'सिल्कसाँग' आला. त्यात अनेक शत्रूंचा एकच घाव दोन मुखवटे नेतो. पाचांतले दोन! मोठी ओरड झाली. त्याच महिन्यात कर्त्यांनी मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन शत्रू थोडे सौम्य केले. मला ते पटले. पहिल्याच सत्रात अर्धा वर्ग नापास झाला, तर मास्तरांनी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचावी.

तुमचा मुलगा फॉल्स नाइटपाशी दहाव्यांदा हरला असेल, तर त्याला एवढेच विचारा: तो गदा केव्हा उचलतो?