पिवळ्या फुग्यांपाशी
‘ग्रेटफुल डेड’ हा कॅलिफोर्नियातील वाद्यवृंद १९६५ पासून तीस वर्षे मैफली करीत होता. गाणी तीच, पण विस्तार दर रात्री नवा, आपल्या ख्यालासारखा. म्हणूनच ‘डेडहेड’ म्हणवणारे चाहते त्याच्यामागे गावोगाव फिरत. या गर्दीत नशाही सहज मिळे. मग जिने नशा सोडली, त्या व्यक्तीने संगीतही सोडावे काय? १९८०च्या दशकात काही चाहत्यांनी याला नकार दिला. मध्यंतरात पिवळे फुगे बांधलेल्या मेजापाशी ते जमत, मनातले बोलत, एकमेकांना सावरत आणि पुन्हा नाचायला जात. त्यांनी नाव घेतले ‘व्हार्फ रॅट्स’. वृंदाचा गिटारवादक जेरी गार्सिया मात्र १९९५मध्ये, ५३व्या वर्षी, व्यसनमुक्ती केंद्रातच निवर्तला. ‘फिश’ या वृंदाच्या श्रोत्यांनीही पुढे असाच गट उभारला.